पांढरा डबा आणि लाल चिठ्ठी

आमच्या पिंपळे गुरवच्या घरात एक पांढरा डबा आहे. उंचीने तांब्याएवढा, अंगाला जाळीचं कापड, डोक्यावर गोल दिवा. आतला स्पीकर ठणठणीत, वायर शाबूत, कुठे ओरखडा नाही. तरी गेलं दीड वर्ष तो मुका आहे. त्याला कोणी पाडलं नाही, त्यात पाणी गेलं नाही, उंदराने कुरतडला नाही. ज्या कंपनीने तो विकला तिने लांब कुठेतरी बसून एक सेवा बंद केली आणि आमच्या हॉलमधला डबा मेला. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पोपटात असायचा, तसा याचा जीव होता. वस्तू माझी, घर माझं, वीज माझी आणि जीव मात्र दुसऱ्याच्या हातात. हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं, आणि ते थंड करायची मला घाई नाही.

डबा मी अण्णांसाठी आणला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. धाराशिवकडच्या खेड्यातून ते तरुणपणी पिंपरीला आले, एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि एकतीस वर्षं लेथसमोर उभे राहिले. या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी वीज नसायची, म्हणून सुट्टीही गुरुवारी. आमचा रविवार गुरुवारीच यायचा. त्या दुपारी अण्णांच्या कारखान्यातले चार-पाच जण आमच्या दोन खोल्यांत जमायचे. अण्णा पेटी घेऊन मध्ये बसायचे, कुणी ढोलकी, कुणी टाळ, आणि गौळणी, भारुडं, गावाकडून आणलेली कसली कसली गाणी चालायची. अण्णांचा आवाज मोठा नव्हता, पण धारदार होता. आई आत स्वयंपाक करता करता चुकलेली ओळ ओरडून सांगायची.

टेपरेकॉर्डर एकच होता. एक जण रेकॉर्ड करायचा आणि मग ज्याला हवं त्याने कोरी कॅसेट आणून कॉपी करून न्यायची. गुरुवारच्या या मंडळाचा तेवढा एकच नियम. "गाणं काय कुणाच्या बापाचं हाय का," असं अण्णा म्हणायचे. आमच्या घरात अशा अकरा कॅसेट जमल्या होत्या.

त्या वाजायच्या कॅसेटचा कप्पा असलेल्या एका अॅम्प्लिफायरवर. तो पिंपरीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने जोडून दिलेला. त्याच्या स्पीकरची दोन लाकडी खोकी अण्णांच्या कारखान्यातल्या सुताराने उरल्यासुरल्या सागवानातून केली होती. आणि आवाजाचे नॉब अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतः लेथवर काढले होते, अॅल्युमिनियमचे, बोटाला पकड यावी म्हणून कडेला बारीक खाचांचं नर्लिंग केलेले. पुढे व्हीआरएस आली, मग साखर आली आणि साखरेने डोळ्यांचे पडदे नेले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण दर गुरुवारी दुपारी ते भिंतीच्या आधाराने अॅम्प्लिफायरपाशी यायचे, नॉब चाचपायचे, कॅसेट घालायचे. त्यात त्यांना कुणाची मदत लागत नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांना कुणाची मदत लागत नव्हती.

मग त्यांना मदत करायला मी पुढे सरसावले.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. आमच्याकडे फाइव्ह एसचं भारी प्रस्थ. जपानी शब्द पाच, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले, आणि पहिल्याचा अर्थ असा की नको ते काढा. त्यासाठी लाल चिठ्ठी असते. जाड पुठ्ठा, वर पितळी कडी असलेलं भोक, त्यात दोरा. वस्तूचं नाव, कारण, निर्णय, सही. चिठ्ठी बांधलेली वस्तू काही दिवस एका चौकोनात ठेवायची आणि मग भंगारात. मी आमच्या लाइनची फाइव्ह एस चॅम्पियन होते. त्याबद्दल मला स्टीलचा मग मिळाला होता, आणि मगापेक्षा मोठी मला माझी अक्कल वाटायला लागली होती.

नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी ती अक्कल घरी आणली. चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत हा आजार आहे. डब्यांवर लेबलं, चपलांच्या जागी पिवळ्या पट्ट्या, गॅसजवळ रोज पुसायचा तक्ता. आई हसायची आणि हळद मिठाच्या डब्यात ठेवायची. एका गुरुवारी सकाळी मी अॅम्प्लिफायरला आणि दोन्ही खोक्यांना लाल चिठ्ठ्या बांधल्या. अण्णा खुर्चीत बसले होते. दोऱ्याचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला, खोक्याच्या मागची चिठ्ठी बोटांत धरली, पालथी केली, भोकावरून अंगठा फिरवला.

"काय बांधायलीस ग हे?"

"काही नाही अण्णा. धूळ पुसायची आहे, खूण केलीय."

"बरं," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला.

तो आठवडा मी फार कामाचा मानला. अकरा कॅसेट सांगवीच्या एका दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. पांढरा डबा आणला. त्याच्या कंपनीचं इंटरनेटवर एक लॉकर होतं, आपली गाणी त्यात चढवायची म्हणजे डबा नुसत्या तोंडी हुकमावर ती वाजवणार. गाणी चढवली. मग कॅसेट टाकून दिल्या, कारण पर्याय उपलब्ध झाला होता. पेन ड्राइव्हही पुढच्या महिन्यात ऑडिटच्या प्रेझेंटेशनसाठी पुसून वापरला, कारण गाणी तर वर होतीच. अॅम्प्लिफायर भंगारवाल्याकडे गेला, नॉबसकट. दोन खोकी मात्र आईने कुणाला न विचारता गॅलरीत नेली. एकावर तुळस ठेवली, एकावर गव्हाची कोठी. चांगलं सागवान आहे, एवढंच म्हणाली.

डब्याला मराठी फारशी येत नव्हती आणि अण्णांची मराठी तर अजिबात नाही. "गौळण लाव की," म्हटलं की तो कुठलंतरी लग्नाचं गाणं लावायचा. "आमच्या मंडळाचं लाव रे बाबा," म्हटलं की माफी मागायचा. मग मी अण्णांकडून हिंदीत एक वाक्य पाठ करून घेतलं आणि फाइलला हिंदी नाव दिलं. मायक्रॉनच्या मापात काम केलेला माणूस स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःचंच गाणं ऐकायला, एका डब्याची हिंदीत विनवणी करत होता. अडला हरी, दुसरं काय. आणि मी ते व्हिडिओ करून नातेवाइकांना पाठवत होते. अण्णा त्याला साहेब म्हणायचे. "साहेबाचं आज डोकं ठिकाणावर न्हाई," असं हसून सांगायचे. पण गाणं लागलं की खुश असायचे, आणि तेवढ्यावर मीही खुश होते.

एका गुरुवारी दुपारी मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. बाहेरून अण्णांचं ते हिंदी वाक्य ऐकू आलं. मग डब्याचं इंग्रजी वाक्य. पुन्हा अण्णा, थोड्या मोठ्याने. पुन्हा तेच इंग्रजी. तिसऱ्यांदा अण्णांनी आवाज खाली आणला आणि वाक्याच्या शेवटी 'जी' लावलं. मी बाहेर आले तेव्हा ते खुर्चीतून पुढे वाकून डब्याकडे तोंड करून बसले होते.

"माझं काहीतरी चुकायलंय ग," म्हणाले. "त्याला कळत न्हाई मी काय म्हणतोय ते."

डबा सांगत होता की या उपकरणाची सेवा बंद झाली आहे. इंग्रजीत, गोड आवाजात. अण्णांना वाटलं चूक त्यांची. त्या कंपनीला मी बाकी सगळं कदाचित माफ करीन, पण ते 'जी' करणार नाही.

ग्राहक सेवेत माणूस मिळायला दोन दिवस गेले. तो माणूसच होता की आणखी एक डबा, हे मला अजून माहीत नाही. त्याने लिहिलं की आम्ही तीन ईमेल पाठवले होते. शोधले तर खरंच होते, साड्यांच्या सेलच्या जाहिरातींमध्ये जाऊन बसलेले, लांबलचक इंग्रजीत, आणि खाली कुठेतरी तारीख. त्या तारखेनंतर लॉकर पुसलं जाईल. पुसलं होतं. मी लिहिलं की त्यात माझ्या आंधळ्या वडिलांचा तरुणपणचा आवाज होता, त्यांच्या मेलेल्या मित्रांचे आवाज होते, आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. उत्तर आलं, आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत, नव्या मॉडेलवर सवलतीचं कूपन सोबत जोडत आहोत. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. मी ते कूपन वाचून इतकी संतापले की आईने गॅस बंद करून मला पाणी आणून दिलं.

कुलूप आमच्या दाराला आणि किल्ली त्यांच्याकडे, आणि वर म्हणे आम्ही कळवलं होतं. कुणाला कळवलं? ज्याला ऐकायचं होतं त्याला तर अक्षर दिसत नाही. त्याला विचारलं कुणी? हे मी महिनोन्महिने ज्याला-त्याला ऐकवलं. बसमध्ये, कँटीनमध्ये, फोनवर मावशीला. अण्णांना मात्र एकदाच सांगितलं, की गाणी गेली. ते "जाऊ दे" म्हणाले. पुढच्या गुरुवारी दुपारी ते नेहमीच्या वेळेला येऊन त्याच खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, तासभर. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. त्यांना ती गाणी पुन्हा ऐकवायची, ती त्यांच्या हाताने लावता येतील अशी ऐकवायची, एवढं एकच मला त्यानंतर दिसत होतं.

कँटीनमध्ये माझं हे पुराण ऐकून आमच्या मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन एकदा म्हणाला, "ताई, असला डबा घ्यायचाच कशाला? आमच्या गोठ्यात हाय की एक, मी केल्याला." तो चाकणजवळच्याच गावचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा. मला वाटलं चेष्टा करतोय. "न्हाई, खरंच. घरात बी हाय आन् गोठ्यात बी. फोनवरनं लावलं की दोन्हीकडं एकाच टायमाला वाजतं. म्हशी शांत ऱ्हात्यात धारंला."

"आणि कंपनी बंद पडली तर?"

"कुठली कंपनी? कंपनीच न्हाई त्येला."

त्याने कागदाच्या रुमालावर काढून दाखवलं. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा एक बोर्ड, घरातलं वायफाय पकडणारा. त्यावर आवाजाचं एक छोटं कार्ड, मग एक बारका अॅम्प्लिफायर, मग कुठलेही स्पीकर, जुने असले तर अजून चांगले. बोर्डात घालायचं सॉफ्टवेअर फुकट आणि उघडं. उघडं म्हणजे त्यातलं अक्षरन् अक्षर कुणीही वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. जगभरातले लोक नोकरी सांभाळून ते लिहितात आणि ठेवून देतात. गाणी आपल्याच घरातल्या जुन्या लॅपटॉपवर राहतात, आणि ती वाजवायला घराबाहेर कुणाची परवानगी लागत नाही. मला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. आपल्या घरात आपलं गाणं कुणाला न विचारता वाजतं, याचं नवल वाटावं इथपर्यंत आपण आलोच कसे?

तीन गुरुवार मी जेवणाच्या टेबलावर तारा पसरून बसले. पहिल्या गुरुवारी काहीच वाजलं नाही. दुसऱ्या गुरुवारी नुसती खरखर. मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला, आणि कुठल्या देशातला कोण जाणे, एका माणसाने संध्याकाळच्या आत उत्तर दिलं, कुठली ओळ बदलायची ते लिहून, आणि शेवटी विचारलं की वडिलांना मोठा नॉब बरा पडेल की लहान. मी त्या माणसाला काही दिलेलं नव्हतं. ज्यांना दिलं होतं त्यांनी कूपन पाठवलं होतं.

नॉब मी आमच्या टूल रूममध्ये करून घेतला, अॅल्युमिनियमचा, नर्लिंग केलेला. अण्णांच्या हातात दिला तर त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला, कानाशी नेला.

"नर्लिंग जाड आलंय," म्हणाले. "आणि बसवशील तिथं प्ले ठेवू नको. लुळा लागला न्हाई पाहिजे."

बऱ्याच महिन्यांनी ते कशात तरी खोट काढत होते. मी नॉब परत नेला आणि बारीक करून आणला.

राहिली गाणी. मंडळात ढोलकी वाजवणारे काका आता रहाटणीला राहतात. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. बऱ्याचशा कॅसेट घर बदलताना गेल्या होत्या, पण तीन होत्या. अण्णांच्याच कॅसेटवरून त्यांनी त्या वेळी कॉपी केलेल्या. कुणाच्या बापाचं नव्हतं म्हणून वाचलं. "माझ्याकडं कोण ऱ्हायलंय आता ऐकणारं," काका म्हणाले, "पण मलाबी तसलं एक करून दे पोरी." करून दिलं. आणि तिन्ही कॅसेटच्या या वेळी चार ठिकाणी प्रती ठेवल्या.

त्या गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी गॅलरीतून तुळस आणि कोठी उतरवली आणि दोन्ही खोकी आत आणली. एकावर पाण्याचा गोल डाग पडला होता, दुसऱ्याच्या सांध्यांत पीठ होतं. तारा जोडल्या, नॉब अण्णांच्या खुर्चीजवळ बसवला. अण्णा म्हणाले, "थांब, मला बघू दे." म्हणजे हाताने. त्यांनी खोक्याची कड चाचपली, सांधा चाचपला, मागे हात घालून तार घट्ट आहे का ते पाहिलं. तिथे त्यांचा हात थांबला.

लाल चिठ्ठी अजून बांधलेली होती. मी खोकी पुसली होती, मागची बाजू पुसली नव्हती.

"हाय का अजून ही," अण्णा म्हणाले.

"धुळीची खूण," मी म्हणाले.

"धुळीची कशाची. लाल चिठ्ठी हाय ती. माझ्या लेथला बांधली होती, व्हीआरएसच्या आधी. असाच पुठ्ठा, असंच पितळी भोक. सकाळी कामावर गेलो तर लटकायली होती."

म्हणजे त्या सकाळी अंगठा फिरवला तेव्हाच त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू धूळ म्हणालीस."

आई दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी चिठ्ठी दोऱ्यासकट ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. "वाच. काय लिहिलंय ते तरी कळू दे."

मी वाचली. वस्तू, स्पीकर, दोन. कारण, जुने, जागा अडवतात, पर्याय उपलब्ध. निर्णय, भंगार. त्याच्या खाली आमच्या कंपनीच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ असते. मी ती गाळू शकले असते. ज्याला ऐकायचं होतं त्याला अक्षर दिसत नव्हतं. दीड वर्ष मी ज्या कंपनीच्या नावाने शंख केला, तिने निदान तीन ईमेल पाठवले होते.

"वापरणाऱ्याला विचारले का," मी वाचलं. "हो. खाली माझी सही."

अण्णांनी चिठ्ठी माझ्या हातात राहू दिली आणि खुर्चीच्या हातापासून चाचपत नॉबपर्यंत बोटं नेली.

"विचारलं असतंस," म्हणाले, "तर मी हो म्हणलो असतो."

मग त्यांनी नॉब फिरवला. आधी खरखर आली, मग आमच्या जुन्या खोलीतली कुकरची शिट्टी, आणि तिच्यामागून तिशीतल्या अण्णांचा आवाज.